रेडिओ गार्डन: मोबाईलवर लांबलांबची स्टेशनं ऐकायची तर आधी हे टाका

मोबाईलवर लांबची रेडिओ स्टेशनं ऐकायला कुठलं अ‍ॅप चांगलं असं कुणी विचारलं की मी डोळे झाकून रेडिओ गार्डन सांगतो. बरीच वर्षं वापरतोय, माझ्या अँड्रॉइडवर आहे, बायकोच्या आयफोनवर पण टाकून दिलंय, आणि फोन बदलला की पहिल्या दिवशी जी चारपाच अ‍ॅप्स टाकतो त्यात हे असतंच. आकाशवाणीचं अ‍ॅप पण आहे माझ्याकडे, ते वेगळ्या कामासाठी लागतं, त्याच्याबद्दल खाली सांगतो, शिवाय एक ब्राउझरमधली गंमत आहे ती पण सांगतो, पण ज्याला पहिल्यांदाच ह्या नादाला लागायचंय त्याने सुरुवात इथूनच करावी.

आधी एक गोष्ट क्लिअर करू कारण खूप जणांचा इथेच घोळ होतो. फोनमध्ये जो आतला एफएम रेडिओ असतो ना तो हा नव्हे. त्याला इअरफोन लावावा लागतो कारण इअरफोनची वायर हीच त्याची एरियल, नेट लागत नाही, डेटा जात नाही, सगळं छान, पण पोच किती, तर साधारण पन्नास-साठ किलोमीटर, ट्रान्समीटर उंच डोंगरावर असेल तर थोडी जास्त. एफएमच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात, मध्ये सह्याद्री आला की विषय संपला. आणि हल्ली तर कित्येक फोनमधून इअरफोनचं भोकच गायब झालंय आणि एफएम पण. २०२३ मध्ये केंद्र सरकारने मोबाईल कंपन्यांना सांगितलं पण होतं की एफएम चालू ठेवा, पूर-वादळात नेट गेलं तरी रेडिओ चालतो म्हणून, तरी दुकानात जाऊन बघा, किती फोनमध्ये मिळतो ते. तर लांबचं स्टेशन फोनवर ऐकायचं म्हणजे ते नेटवरूनच, दुसरा रस्ता नाही.

आता रेडिओ गार्डन. उघडलं की समोर पृथ्वीचा गोल येतो, उपग्रहातून काढलेल्या फोटोंचा, आणि त्याच्यावर सगळीकडे हिरवे ठिपके. एक ठिपका म्हणजे एक गाव किंवा शहर. ठिपका मोठा असेल तर तिथे स्टेशनं जास्त. स्क्रीनच्या मधोमध एक गोल खूण असते, आपण बोटाने पृथ्वी फिरवायची आणि ठिपका त्या खुणेत आला की तिथलं स्टेशन सुरू. एवढंच. लॉगिन नाही, मोबाईल नंबर नाही, ओटीपी नाही, पैसे नाहीत, मध्ये जाहिराती येतात तेवढ्या. आवडलं तर हार्ट दाबून ठेवायचं म्हणजे ते फेवरिटमध्ये जातं. माझ्या आईला मी काहीही न शिकवता जमलं, ती पहिल्यांदा गोल फिरवत सरळ समुद्रात गेली आणि म्हणाली इथे काहीच लागत नाही, मग किनाऱ्यावर आणला ठिपका आणि अरबी गाणं सुरू झालं तेव्हा जी खुश झाली, त्यानंतर फोन परत मिळायला जेवणाची वेळ झाली.

हे नेदरलँड्सचं काम आहे. तिथल्या ध्वनी आणि चित्रांचं जतन करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेत रेडिओने लांबच्या माणसांना कसं जोडलं ह्यावर एक संशोधन चालू होतं, त्यातून ही कल्पना निघाली आणि २०१६ च्या डिसेंबरमध्ये वेबसाइट आली, मोबाईलचं अ‍ॅप नंतर आलं. मला ह्यातली सगळ्यात भारी गोष्ट वाटते ती म्हणजे ह्यांनी देशांच्या सीमा काढल्याच नाहीत गोलावर. बाकीच्या अ‍ॅपमध्ये काय असतं, आधी देश निवडा, मग भाषा निवडा, मग गाण्याचा प्रकार निवडा, आणि शेवटी वर टॉपची दहा स्टेशनं येतात जी आधीच सगळ्यांना माहीत आहेत. म्हणजे तुम्हाला काय पाहिजे ते तुम्हाला आधीच माहीत पाहिजे. इथे तसं नाही, इथे लाहोर आणि अमृतसर शेजारीशेजारी ठिपके आहेत, बोट जरासं सरकलं की इकडचं पंजाबी तिकडच्या पंजाबीत जातं.

मला विचाराल तर लांबचं ऐकायचं असेल तेव्हा मोठ्या शहरांकडे जाऊच नका. लंडन न्यूयॉर्क पॅरिसला काय, तीच गाणी आणि तेच चकचकीत आरजे जे आपल्याकडे पण आहेत. खरी मजा छोट्या गावात. अलास्कात अगदी पश्चिम टोकाला नोम म्हणून गाव आहे, तिथे केएनओएम नावाचं स्टेशन आहे, १९७१ पासून चालू आहे, चर्चने सुरू केलेलं, आजूबाजूच्या शेकडो किलोमीटरमधल्या एकेकट्या खेड्यांसाठी. हे लावा आणि फक्त हवामान ऐका. बर्फ, वारा, समुद्र गोठलाय का, एकेक खेड्याचं नाव घेऊन सांगतात. मार्चमध्ये तिथे कुत्र्यांच्या गाड्यांची इडिटारॉड नावाची मोठी शर्यत असते जी नोमलाच संपते, त्या दिवसांत तर लावाच. मी इथे ठाण्यात पंख्याखाली बनियनवर बसून नोममधला वारा किती जोरात आहे हे ऐकत बसतो, माझा काय संबंध, काहीच नाही, पण बोलणारा माणूस जगासाठी बोलतच नाहीये, तो त्याच्या गावातल्या माणसांशी बोलतोय, आणि आपण मागच्या बाकावर बसून ऐकतोय. यूट्यूबवर हे मिळत नाही. तिथे प्रत्येक जण आपल्यालाच काहीतरी विकत असतो किंवा सबस्क्राइब करायला सांगत असतो. गावाच्या रेडिओला आपण ऐकतोय हे माहीतच नसतं, म्हणून तो खरा वाटतो.

दुसरं म्हणजे न्यूझीलंडचं सरकारी रेडिओ, आरएनझेड नॅशनल. त्यांची सकाळच्या बातम्यांच्या आधी तिथल्या पक्ष्याचा आवाज लावायची जुनी पद्धत आहे, कधी तुई, कधी कोरिमाको, कधी रात्रीचं घुबड, दर दिवशी वेगळा पक्षी. तिथे सकाळचे सात म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेबारा (त्यांचा उन्हाळा असला की घड्याळ एक तास पुढे, मग साडेअकरा). झोप येत नसेल तर हे करून बघा, इथे सगळं सामसूम आणि कानात उद्याची सकाळ सुरू झालेली.

आणि आपल्या लोकांसाठी खास म्हणजे मॉरिशस. हिंदी महासागरात मादागास्करच्या उजवीकडे बारीकसा ठिपका, शोधायला झूम करावं लागतं. तिथे एकोणिसाव्या शतकात उसाच्या मळ्यांवर मजूर म्हणून कोकणातून वगैरे गेलेल्या मराठी माणसांची वस्ती आहे, गणेश चतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते. तिथलं सरकारी मॉरिशस ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशन हिंदी भोजपुरी तमिळ तेलुगू उर्दूबरोबर मराठीत पण कार्यक्रम करतं. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हातातलं काम सोडून बसलो. क्रिओल आणि फ्रेंच चालू असताना मधूनच मराठी आली की अंगावर काटा येतो. उच्चार जरा वेगळे, लय वेगळी, पण मराठी आपलीच. ह्याच्यासाठी धीर धरावा लागतो, लावलं आणि लागलीच मराठी असं नाही होत, दिवसातला थोडाच वेळ असतो, पण माझं ऐका, एकदा मिळाली वेळ की हार्ट दाबून ठेवा आणि वेळ लिहून ठेवा.

आता भारताकडे येऊ. रेडिओ गार्डनवर भारताचे पण ठिपके आहेत पण इथे एक गोष्ट समजून घ्या. आपल्याकडे खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या द्यायची परवानगीच नाही, २०१९ पासून फक्त आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा लावू शकतात, एवढंच. म्हणजे एखाद्या गावाचं पाणी कधी येणार, एसटी बंद आहे का, मंडईत भाव काय निघाला हे ऐकायचं असेल तर आकाशवाणी आणि कम्युनिटी रेडिओ (गावातल्या संस्था चालवतात ती छोटी स्टेशनं) हेच बरे. कम्युनिटी रेडिओ तर मला फार आवडतात, साताऱ्यात म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी आहे ९०.४ वर, पण ह्या स्टेशनांना ट्रान्समीटरची ताकद १०० वॅटच मंजूर असते, दहापंधरा किलोमीटरच्या पलीकडे जात नाही, आणि ज्यांचं ऑनलाइन स्ट्रीम नसतं ते आपल्याला कुठल्याच अ‍ॅपवर मिळणार नाहीत. हे फार वाईट आहे खरं तर. एक साधा कॉम्प्युटर आणि बरं नेट एवढ्यात स्ट्रीम होतं, कुणीतरी ह्या लोकांना मदत करायला पाहिजे.

म्हणून आकाशवाणीसाठी न्यूजऑनएअर हे प्रसार भारतीचं अ‍ॅप टाका, फुकट आहे, दोनशेच्या वर स्टेशनं आहेत. (२०२४ मध्ये गोव्याच्या इफ्फी चित्रपट महोत्सवात वेव्हज म्हणून त्यांचं ओटीटी आलं, त्यात पण रेडिओ आहे, पण मला फक्त ऐकायचंच असतं म्हणून मी जुनंच वापरतो.) दिसायला काही खास नाही, गोल नाही ठिपके नाहीत, साधी यादी आहे राज्याप्रमाणे, पण ह्या यादीत जे आहे ते असं एका जागी सहसा मिळत नाही. नागपूर आहे, जळगाव आहे, परभणी आहे, रत्नागिरी आहे, पणजीची कोकणी आणि मराठी आहे. मी मूळ सांगलीकडचा. सांगली केंद्र १९६३ चं, १२५१ किलोहर्ट्झ, मिडियमवेव्ह, दिवसा ठाण्यात लागायचा प्रश्नच नव्हता, रात्री कधीतरी खरखरीत कानाला लावून ऐकायचो. आता पावसाळ्यात कोयनेतून पाणी सोडलं, आयर्विन पुलाजवळ कृष्णा किती फुटांवर आली असल्या बातम्या सुरू झाल्या की मी दिवसभर आकाशवाणी लावून ठेवतो, टीव्हीवाले ओरडतात, हे नीट सांगतात. पंचेचाळीस फूट ही धोक्याची पातळी, हे सांगलीतल्या पोराला पण पाठ असतं, आणि निवेदकाच्या आवाजावरून कळतं की काळजी करायची का नाही.

अजून एक. पहाटे पहिली सभा सुरू होताना आकाशवाणीची ती धून लागते, तंबोरा आणि व्हायोलिनवाली, शिवरंजनीतली. ती १९३० च्या दशकात वॉल्टर कॉफमन नावाच्या माणसाने बांधली, नाझींमुळे युरोप सोडून मुंबईला आलेला ज्यू संगीतकार होता तो, मुंबई आकाशवाणीत कामाला होता. माझा पुतण्या म्युनिकला असतो, त्याच्याकडे तेव्हा आदल्या दिवशीची रात्र असते, तो झोपायच्या आधी ही धून ऐकतो आणि मग आम्हाला मेसेज करतो की तुमच्याकडे दिवस सुरू झाला. परदेशातल्या ज्यांना ज्यांना मराठी बातम्या, आपली आवड, शेतकऱ्यांचे कार्यक्रम ऐकायचेत त्यांनी गुगलत बसू नका, हे एकच अ‍ॅप पुरे. आणि इंग्लंडमधल्या लोकांसाठी तर हे जास्तच गरजेचं कारण तिथे २०२२ पासून रेडिओ गार्डनवर ब्रिटनबाहेरची स्टेशनं बंद आहेत, कॉपीराइटच्या कोर्टकचेऱ्यांमुळे, म्हणजे लंडनमध्ये बसून गोल कितीही फिरवा, बाहेरचं काही लागणार नाही.

आता काय काय खटकतं ते पण सांगतो. नेटवरच्या सगळ्याच रेडिओला उशीर असतो, अर्धा मिनिट तर सहज, कधी जास्त पण. बातम्यांच्या आधीच्या टोल्यांवर घड्याळ लावू नका. स्टेशनवाल्यांनी स्ट्रीमचा पत्ता बदलला की ठिपका दिसतो पण वाजत नाही, हे सगळ्याच अशा अ‍ॅप्सचं आहे, कारण स्टेशन त्यांच्या मालकीचं नाही, ते फक्त रस्ता दाखवतात. अमेरिकेतली काही स्टेशनं मॅचच्या वेळी बाहेरच्या देशांना स्ट्रीम बंद ठेवतात. रेकॉर्डिंगची सोय नाही, मला ती पाहिजे होती, मॉरिशसची मराठी जपून ठेवायला. आणि तो पृथ्वीचा गोल फिरवताना फोन तापतो, बॅटरी पण जाते, तेव्हा स्टेशन मिळालं की फोन लॉक करून टाका, आवाज चालू राहतो. माझ्या एका फोनमध्ये (कंपनीचं नाव नको) बॅटरी वाचवायच्या नादात फोन स्वतःच मागचं अ‍ॅप बंद करून टाकायचा, गाणं चालू असताना मध्येच शांत. सेटिंगमध्ये जाऊन ह्या अ‍ॅपला बॅटरीचं बंधन काढून टाकलं तेव्हा कुठे नीट झालं, तुमचं पण तसं होत असेल तर आधी ते बघा, अ‍ॅपला शिव्या देऊ नका. रात्री झोपताना आयफोनच्या घड्याळातल्या टायमरमध्ये वेळ संपली की वाजणं बंद कर असा ऑप्शन आहे, तो लावला की काम झालं.

डेटाची भीती बाळगू नका. १२८ केबीपीएसचं स्ट्रीम तासाला साठ एमबीच्या आत बसतं, ६४ चं असेल तर तीसच्या आत. रोज दोन तास ऐकलं तरी महिन्याला साडेतीन जीबी, रोजच्या दीड जीबीच्या पॅकमध्ये कळत पण नाही. रीलवर ह्याच्या कितीतरी पट जातो.

जे जुने शॉर्टवेव्हवाले आहेत (शॉर्टवेव्ह म्हणजे हजारो किलोमीटर जाणाऱ्या रेडिओ लहरी) त्यांचं म्हणणं मला माहीत आहे आणि ते मला पटतं पण. ते म्हणतात हे काय ऐकणं झालं, बटण दाबलं की लागतं, पकडण्यातली मजाच गेली. खरंय. वडील २५ आणि ४१ मीटरवर सिलोन पकडायचे, सुई केसभर हलवायची, एरियल खिडकीला बांधायची, आवाज जवळ यायचा लांब जायचा. दुसऱ्या देशाचं स्टेशन पकडून त्यांना पत्र लिहायचं आणि त्यांच्याकडून क्यूएसएल कार्ड, म्हणजे तुम्ही आमचं स्टेशन ऐकलंत ह्याची पोचपावती यायची, ती कार्डं अजून लोकांनी जपून ठेवलीत. ते सुख रेडिओ गार्डन देत नाही आणि देऊ शकणार पण नाही. त्या लोकांसाठी वर म्हटलं ती ब्राउझरमधली गंमत.

नेदरलँड्समध्येच ट्वेंटे विद्यापीठात एक खराखुरा शॉर्टवेव्ह रिसीव्हर एरियलसकट नेटला जोडून ठेवलाय, वेबएसडीआर म्हणतात त्याला, २००८ पासूनची कल्पना आहे, आणि एकाच वेळी शेकडो माणसं तो आपापल्या फ्रिक्वेन्सीवर लावू शकतात. अ‍ॅप लागत नाही, फोनच्या ब्राउझरमध्येच उघडतं, फोन आडवा धरा म्हणजे बरं दिसतं. खाली एक पट्टी सरकत असते, त्यात जिथे जिथे कुणी बोलतंय तिथे उजळ रेघा दिसतात, रेघेवर बोट ठेवलं की आवाज. खरखर, शिट्ट्या, लहरी कमीजास्त होणं, सगळं तसंच. ४६२५ किलोहर्ट्झवर जा, साइडबँड वरचा ठेवा (तिथल्या बटणांतलं यूएसबी), तिथे बझर नावाचं रशियातलं ते प्रसिद्ध गूढ स्टेशन ऐकू येईल, मिनिटाला पंचवीस वेळा घर्र घर्र, गेली कित्येक दशकं, आणि कधीतरी मध्येच एक माणूस रशियनमध्ये काही नावं आकडे वाचतो आणि परत घर्र घर्र. आणि एकच रिसीव्हर पुरला नाही तर किवीएसडीआर बघा, न्यूझीलंडच्या माणसाने बनवलेली छोटी पेटी, जगभरच्या हौशी लोकांनी आपापल्या घरी लावून नेटवर सगळ्यांसाठी मोकळी ठेवलीय, नकाशावर निवडायचं. एका पेटीवर एका वेळी मोजकीच माणसं बसू शकतात, काही ठिकाणी वेळेची मर्यादा पण असते, तेव्हा ऐकून झालं की टॅब बंद करा, लोकांनी स्वतःच्या खर्चाने ठेवलंय ते.

एक टिप, मिडियमवेव्ह किंवा शॉर्टवेव्हचे खालचे बँड ऐकायचे असतील तर जिथे आत्ता रात्र आहे तिथली पेटी निवडा. दिवसा वातावरणाच्या वरच्या भागातला एक थर ह्या लहरी शोषून घेतो, सूर्य मावळला की तो थर विरतो आणि त्याच्याही वरच्या थरावरून लहरी परत खाली येतात, म्हणून रात्री लांबचं लागतं. आपल्या लहानपणी पण रात्रीच लागायचं ते ह्याचमुळे.

तर माझ्याकडून रेडिओ गार्डनला पाचपैकी साडेचार, अर्धा रेकॉर्डिंग नाही म्हणून कापला. न्यूजऑनएअरला दिसण्यासाठी तीन पण आतल्या मालासाठी पाच. नवीन माणसाने पहिल्या दिवशी नोम लावावं, मग मॉरिशस शोधावं, आणि मॉरिशस आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे हे वेळ लिहून ठेवताना लक्षात असू द्या. कुणाला तिथल्या मराठी कार्यक्रमाच्या आत्ताच्या पक्क्या वेळा मिळाल्या तर इथे खाली टाका, मी पण लावून बसेन.